मदत हवी आहे: बोटीतल्या मासळीच्या खणातला विषारी वायू ओळखायला कोणतं यंत्र घ्यावं?

दर्याकाठची

नमस्कार मंडळी. हर्णै बंदरात आमचा एक ट्रॉलर आहे. बाबा स्वतः तांडेल (बोटीचे कप्तान), त्यांना धरून बोटीवर सात माणसं. मी समुद्रावर जात नाही. डिझेल, बर्फ आणि लिलावाचा हिशोब माझ्याकडे असतो. त्यामुळे यंत्राबिंत्राचा विषय निघाला की घरात सगळे माझ्याकडे बघतात.

गेल्या पंधरवड्यात गिअरबॉक्स बिघडला आणि बोट बंदरात उभी राहिली. चांगली मासळी उतरवली, पण फिशमीलला (मासळीची पूड करायला) जाणारी बारीकसारीक तळाला तशीच राहिली. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत चार दिवस गेले. बर्फ वितळला, खणाचं झाकण बंदच. पाचव्या दिवशी आमचा एक खलाशी (नेपाळचा पोरगा आहे, तीन हंगाम आमच्याकडे) टोपली घेऊन उतरला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरून मटकन खाली बसला. त्याला उचलायला दुसरा गेला, तोही आडवा. तिसरा उतरणार तेवढ्यात बाबांनी त्याची कॉलर धरली. शेजारच्या बोटीवरून मोठा पंखा आणून आत वारा सोडला आणि दोघांना आकडा-दोर लावून वर ओढलं. देवाची कृपा, दोघे वाचले. पहिल्याला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

आता गंमत बघा. बाबा म्हणतात, "वास आला असता तर कळलं असतं. चाळीस वर्षं हेच नाक वापरतोय." आणि तो पोरगा म्हणतो, वास आला होता, अगदी सडका, पण दोन श्वासांत गेला. त्याला वाटलं, हवा सुटली. शिवाय त्याच्या गळ्यातली चांदीची साखळी काळी पडली आहे.

ऑनलाइन बघितलं तर डोकं गरगरलं. चारपाचशे रुपयांचं सर्किट, स्वयंपाकघरातला गॅस डिटेक्टर, छातीला लावायचं छोटं पिवळं यंत्र, चार वायूंचं मोठं यंत्र. भाचा म्हणतो, करोनातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात पडलंय, तेच लावून उतरा, नाहीतर सगळ्यांना स्मार्टवॉच घ्या. यातलं खरं उपयोगाचं काय? खाऱ्या हवेत टिकेल का? आणि बाबा वापरतील असं काही आहे का? कारण मी आणलं आणि ते केबिनमध्ये खिळ्याला लटकत राहिलं, तर पैसे समुद्रात.

लोटेतला_शिफ्टवाला

ताई, दोघे वाचले हे वाचून आधी हायसं वाटलं. मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. बंद टाकीत माणूस उतरवायच्या आधी हवा तपासणं हा रोजचा धंदा आहे. तुमचा खण म्हणजे आमची टाकीच, फक्त नाव वेगळं.

तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं हायड्रोजन सल्फाइडची. मासळी कुजताना जिवाणू तिच्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांचं विघटन करतात आणि हा वायू सुटतो. हवेपेक्षा थोडा जड, म्हणून रक्तपाण्यावर, तळाशी बसून राहतो. झाकणाशी वाकून वास घेतला तर काहीच कळत नाही. त्याच वेळी कुजण्यात ऑक्सिजनही खर्च होतो, म्हणजे मार दोन्हीकडून.

वास दोन श्वासांत गेला, हे त्या पोराने अगदी बरोबर सांगितलंय. हा वायू अगदी थोडा असताना, दहा लाख भागांत एक भागसुद्धा (म्हणजे एक पीपीएमसुद्धा) नसताना, सडक्या अंड्याचा वास येतो. पण शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास नाहीसा होतो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने याच शंभर पीपीएमला जिवाला तत्काळ धोका अशी पातळी ठरवलेली आहे. काकांना सांगा, नाकाला दोष नाही, पण ज्या क्षणी नाक हवं असतं त्याच क्षणी ते संप करतं.

यंत्राबद्दल. छातीला लावायचं पिवळं म्हणताय ते बहुतेक एकाच वायूचं असतं. चार वायूंच्यात ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू असे चारही दिसतात. तुम्हाला चारवालंच घ्यायला सांगेन, कारण ऑक्सिजन कमी असेल तर एका वायूचं यंत्र शून्य दाखवत गप्प बसेल. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की उतरायचं नाही.

कोकणी_जुगाडू

चारपाचशेच्या सर्किटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी त्याचं एक खेळणं बनवलं होतं. आत टिन ऑक्साइडचा तापवलेला मणी असतो, वायू लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात हे बसवलं, घरातल्या गॅसगळतीसाठी. कल्पना झकास आहे. पण माझं खेळणं पावसाळी दमट हवेत, शेजारच्या खोलीत सॅनिटायझर फवारलं तरी, आणि बायकोने फोडणी दिली तरी बोंबलायचं. माणसाचा जीव त्यावर टांगू नका. स्वयंपाकघरातला डिटेक्टर एलपीजीसाठी असतो, तुमच्या वायूसाठी त्याचा भरवसा नाही.

दर्याकाठची

@लोटेतला_शिफ्टवाला दादा, खूप आभार. पण बघितलेल्या किमतीत चार वायूंचं यंत्र पार वर जातंय. एक प्रश्न मनात येतोय, विचारते. आमच्याकडे विहीर उपसायला उतरण्याआधी कंदील सोडतात, विझला तर उतरायचं नाही. खणात तसं चालेल? फुकटात होईल.

लोटेतला_शिफ्टवाला

नको ताई, अजिबात नको. कंदील फक्त ऑक्सिजन कमी आहे एवढंच सांगतो, तेही ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर. सातशे पीपीएम हायड्रोजन सल्फाइडमध्ये कंदील मस्त जळत राहील आणि माणूस आडवा होईल. वर हा वायू स्वतः पेटतो. बोटीवर डिझेलही असतं.

ज्योतीवरून हवा ओळखायची कल्पना जुनी आणि मोठी आहे. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीसाठी जाळीचा दिवा केला, त्यात ज्योत किती उंच होते त्यावरून मिथेन कळायचा. पण तो दिवा जाळीत होता आणि बघणाऱ्याला ज्योत वाचता यायची. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी न्यायला सुचवलं, कार्बन मोनॉक्साइडने ते माणसाआधी गळतात म्हणून. ब्रिटनच्या खाणींत ही पाखरं १९८६ पर्यंत होती, मग यंत्रं आली. (आता कोणी इथे कोंबडी सोडायची आयडिया देऊ नका!)

देवगडचो_झील

कोंबडी ऱ्हवांदे, ती सागोतीक होयी. 😄 पण ताई, खरा सांगतंय, आमच्या वाडीत पण असाच झाल्ला. यंत्र येय पर्यंत कोणाकच खणात उतराक देव नकात. झाकण उघडा, पंखो लावा, नळी तळापर्यंत सोडा. वरसून वारो मारून काय उपेग नाय, घाण तळाक बसता.

गुहागरची_डॉक्टर

ऑक्सिमीटरबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा गैरसमज करोनानंतर घरोघरी बसलाय.

बोटाचं ते चिमटं लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतं. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळे शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग बदलतो, तेवढाच धमनीतला, असं धरून यंत्र टक्का काढतं. ही नाडीची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. त्याआधी असलं मोजमाप म्हणजे बहुतेक वेळा रक्त काढून प्रयोगशाळेत. मला विचाराल तर गेल्या शतकातल्या सगळ्यात उपकारी शोधांत मी तो धरेन.

पण ते काय मोजतं हे लक्षात घ्या. रक्तात प्राणवायू आहे का, एवढंच. हायड्रोजन सल्फाइड पेशींच्या आत जाऊन प्राणवायू वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतो. घरात सिलिंडर भरलेला आहे आणि शेगडीचं बर्नर चोंदलंय, तसं. रक्तातला आकडा सुरुवातीला ठीकठाक दिसू शकतो आणि माणूस कोसळतो.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर ते सरळ फसतं. इंजिनरूममध्ये धूर गळत असेल, तर तो वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो आणि चिमट्याला ते रक्त प्राणवायू भरलेलंच वाटतं. ९८ दाखवत राहील. स्मार्टवॉचचंही तत्त्व तेच, वर ओल्या, थंड, खडबडीत हातांवर आकडा नीट येतच नाही. शरीर मोजणारं यंत्र बिघाड झाल्यावर सांगतं. तुम्हाला हवा मोजणारं हवंय.

चिमटा फेकू नका मात्र. धक्क्यावर आणलेल्या माणसाला लावायला ठेवा, पण आकडा चांगला आला म्हणून १०८ ला फोन करायचं थांबवू नका. बोट समुद्रात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

आणि त्या पोराला पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवा. खोकला, धाप, डोकं जड, विसरभोळेपणा यांपैकी काही आहे का ते विचारा. हे नंतरही उरतं.

अलिबागचे_सर

चांदीच्या साखळीवर कोणी बोललं नाही! अहो, तीच पहिली नोंद आहे. हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागला की सिल्व्हर सल्फाइड बनतं, काळं. आम्ही कॉलेजात किपच्या उपकरणात हाच वायू बनवायचो, प्रयोगशाळेच्या जिन्यापर्यंत वास यायचा. ओळखायला लेड ॲसिटेटचा कागद धरायचा, तो तपकिरी-काळा व्हायचा. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोणत्याही रसायनवाल्याकडे तो कागद आजही मिळतो. शिशाचा असतो, हाताळून हात धुवा. यंत्राऐवजी वापरू नका, कारण तो आकडा सांगत नाही आणि गजरही देत नाही. पण वडिलांना पटवायचं असेल तर दोरीला बांधून तळाशी सोडा. डोळ्यांना दिसलं की माणूस ऐकतो.

लोटेतला_शिफ्टवाला

सर, हे उत्तम. ताई, आता वापराबद्दल, कारण यंत्र घेऊन चुकीचं वापरणारे मी पाहिलेत.

ज्वलनशील वायूचा सोडला तर आतले सेन्सर म्हणजे छोट्या बॅटऱ्याच. वायू आत शिरून इलेक्ट्रोडवर प्रतिक्रिया होते, जितका वायू तितका प्रवाह. हे सेन्सर वापरा न वापरा, साधारण दोनतीन वर्षांत संपतात. म्हणून घेताना बनवल्याची तारीख बघा आणि सेन्सर बदलून मिळतो का ते विचारा. सेकंडहँड स्वस्तात मिळालं तर आत मेलेला सेन्सर असू शकतो, आणि मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. त्यासाठी ठरावीक वायूची छोटी बाटली असते, तो वायू यंत्रावर सोडून ते ओरडतं का बघायचं. बाटली महाग वाटली तर बंदरातल्या चार-पाच बोटींनी मिळून घ्या.

तपासताना यंत्र दोरीला बांधून वरून सोडा. मधे थांबा, तळाशी थांबा, प्रत्येक ठिकाणी मिनिट-दोन मिनिटं. भसकन सोडून भसकन ओढलं तर आकडा यायच्या आत यंत्र वर. पाण्यात बुडवू नका. आणि काम चालू असताना ते खाली उतरणाऱ्याच्या छातीवर हवं, वर केबिनमध्ये नको. चिखल ढवळला की अडकलेला वायू नव्याने सुटतो.

रुमाल, साधा मास्क, एन-९५ वायू अडवत नाही. आणि कोणी पडलाच तर मागे उतरायचं नाही. नायॉशने १९८६ मध्ये लिहिलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. तुमच्या वडिलांनी तिसऱ्याची कॉलर धरली ना, तेवढं मात्र कोणतंही यंत्र करू शकलं नसतं. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा-दोर आधीच बांधलेला पाहिजे, वरचा माणूस हलला नाही पाहिजे.

दर्याकाठची

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा.

शेजारच्या तीन बोटींशी बोलून चार वायूंचं यंत्र एकत्र घेतलं. बाटली अजून आली नाही, विक्रेत्याने दुकानात त्याच्याकडच्या बाटलीवर ओरडवून दाखवलं. सरांचा कागदही मिळाला. काल मुद्दामच दोन दिवस बंद असलेला खण निवडला, यंत्र आणि कागद एकाच दोरीला बांधले. दोरीला हाताहातावर गाठी मारल्यात, म्हणजे किती खाली गेलं ते कळतं.

झाकणाशी शून्य. मध्यावर शून्य. तळाच्या पाण्याच्या वीतभर वर ३१, आणि यंत्र असं किंचाळलं की कावळे उडाले. ऑक्सिजन २०.१. कागद वर आला तो चहाच्या डागासारखा. बाबांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, झाकणाशी जाऊन पुन्हा एकदा वास घेतला (मी ओरडले), आणि काही न बोलता पंख्याची नळी आणायला गेले. अर्ध्या तासाने तळाशीही शून्य. मगच पोरगा उतरला, पट्टा बांधून.

आता छोटी अडचण. यंत्राची मागची क्लिप दोनच आठवड्यांत गंजायला लागलीय. दापोली-खेड भागात स्टेनलेसची तसली क्लिप कोणी बसवून देतं का?