फियाट ११०० चे बंपर काढून त्या जागी पत्र्याचे भाग घडवण्याबाबत

गिरगावची_डिलाइट

नमस्कार. वडिलांनी घेतलेली १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे आजही चालू स्थितीत आहे. समुद्राची हवा आणि इतके पावसाळे सोसल्यामुळे दोन्ही बंपरचा क्रोम सोलवटला असून आतला गंज वर फुटला आहे. बंपर काढून टाकावेत आणि ग्रिलखालचा व डिकीखालचा भाग सलग दिसेल अशा बेताने पत्र्याचे नवे भाग बसवावेत, असा विचार आहे. मात्र एका डेंटरने ब्रॅकेट मुळापासून कापून पत्रा थेट बॉडीला वेल्ड करण्याचा सल्ला दिला, तो मला पटत नाही. हे काम कसे करावे आणि आरटीओच्या दृष्टीने त्यात काही अडचण येईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पत्राकाम_परळ

आपली शंका रास्त आहे. ब्रॅकेट मुळीच कापू देऊ नका. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा असतो, त्यामुळे ब्रॅकेट ज्या भागांना धरून असतात तिथे कटर चालवणे म्हणजे सांगाड्यालाच हात घालणे होय. नवा भाग जुन्याच बोल्टच्या जागा वापरून बसवावा, म्हणजे उद्या कोणाला मूळ बंपर परत लावायचे झाले तर एका दुपारचे काम उरेल.

काढण्याआधी बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. अशा बंपरच्या बोल्टचे डोके गोल आणि मान चौकोनी असते. ती मान ज्या चौकोनी भोकात अडकते ते गंजून गोल झाले असेल, तर पाना फिरवला की नटाबरोबर बोल्टही फिरत राहतो. त्या वेळी जोर न करता पातळ डिस्कने नटच उभा चिरावा. मागच्या बाजूला गॅसची ज्योत वापरू नये, कारण पेट्रोलची टाकी तिकडेच आहे. शेवटचे दोन बोल्ट सोडवताना बंपर धरायला दुसरा माणूस हवाच.

पत्रा ‘सीआर’च, म्हणजे थंड स्थितीत लाटलेला घ्यावा, २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, आणि आयएस ५१३ या भारतीय मानकातील ‘डीडी’ किंवा ‘ईडीडी’ (खोल आकार देण्याजोग्या) प्रतीचा मागावा, कारण साधा पत्रा खोल गोलाईत ठोकताना चिरतो. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा गाडीवर धरून, तो दोन्ही बाजूंना उलटसुलट लावून पाहावा. जुन्या गाड्यांची डावी-उजवी बाजू क्वचितच तंतोतंत जुळते. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने गोलाई काढावी आणि खालची कड किमान १० मिलिमीटर आत मुडपावी, नाहीतर चालत्या गाडीत पत्रा थरथरतो. दोन तुकडे जोडताना सलग वेल्ड ओढू नये. दूरदूर टाके मारावेत, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे, आणि प्रत्येक टाका थंड झाल्यावर मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हलकेच ठोकावा. एवढा धीर धरला तर पत्रा पोट धरत नाही, म्हणजे फुगत नाही, आणि लांबी (पुट्टी) नावापुरतीच भरावी लागते. ग्रिलखाली रेडिएटरची हवा अडणार नाही हे पाहावे. सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघून जाण्यासाठी छिद्र ठेवावे आणि आतली बाजूही बाहेरच्याइतकीच मन लावून रंगवावी, कारण मुंबईत पत्रा आतून खाल्ला जातो.

कलम_बावन्न

कामाइतकाच कायदाही महत्त्वाचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. शिवाय आपल्या गाडीने पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. वेल्ड केलेला पत्रा तो दरवाजा कायमचा बंद करू शकतो. म्हणून बोल्टने बसणारा भाग करण्याच्या वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. तरीही काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

माझे प्रामाणिक मत असे की, बंपरचा पत्रा आरपार सडलेला नसेल तर जुना थर उतरवून निकेल आणि क्रोम पुन्हा चढवून घ्यावा. आपल्या गल्ल्यांत मागची-पुढची गाडी टेकवून लावली जाते, तेव्हा तो धक्का बंपर झेलतो. बंपर नसेल तर तो थेट दिव्यांवर आणि ग्रिलवर येईल.

गिरगावची_डिलाइट

दोघांचेही मनापासून आभार. मागचा बंपर ठोकून पाहिला, तो शाबूत आहे; त्यावर पुन्हा क्रोम चढवीन. पुढचा मात्र ब्रॅकेटच्या जागी बोट आत जाईल इतका सडला आहे. तो काढल्यास नंबरप्लेटचे काय करावे? ती त्याच बंपरवर आहे.

पत्राकाम_परळ

मग आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, जुना पण ठणठणीत बंपर मिळतो का ते पाहावे. प्रीमियर पद्मिनीचाही (याच फियाटची पुढची आवृत्ती) चालू शकतो, मात्र ब्रॅकेटमधले अंतर मोजून न्यावे. नवा पत्राच करायचा ठरला तर नंबरप्लेटची बैठक साच्यातच आखावी आणि तिच्यामागे एक आडवी पट्टी द्यावी. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून झाली असेल, तर तिचे स्नॅप लॉक (एकदाच बसणारी, न उघडणारी खीळ) तोडल्याशिवाय ती निघणार नाही आणि नवे लॉक अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावे लागेल. ती अजून बसवली नसेल, तर पत्र्याचे काम आणि रंग पुरा होईपर्यंत तिची वेळ घेऊ नये.