मदत हवी आहे : लेकीचं नाव 'यमुना' ठेवू का?

बारसं रविवारी, नौपाड्यात आईकडेच. मला यमुना ठेवायचंय. १८६५ साली जन्मलेल्या, कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुनाच. लग्नात ते बदललं, १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मला 'यमुना' ऐकलं की लख्ख घासलेलं तांब्याचं घंगाळ आठवतं. सासूबाईंना मात्र नऊवारीतली म्हातारी दिसते! नवऱ्याला मालती आवडतं, पण मालती म्हटलं की मला चष्म्यावरून बघणाऱ्या गणिताच्या बाईच आठवतात. (बाई चांगल्या होत्या, गणित माझंच कच्चं.) कुसुम, शालिनी कधीच बाद. तुमच्या डोळ्यांसमोर 'यमुना' ऐकून पहिलं काय येतं? या नावाची एखादी लहान मुलगी ओळखीत आहे का? आणि शाळेत 'यमी, यमी' म्हणून पिडतील का हो?