पीएचडीनंतरची दोन वर्षं: रुग्णासमोर की डेटासमोर?

अर्धविराम
माझ्या एका धाकट्या सहकारी मैत्रिणीची क्लिनिकल सायकॉलॉजीतली पीएचडी नुकतीच झाली. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागेच्या, मुलाखतीत तिला विचारलं, "तुमचा रिसर्च इंटरेस्ट एका वाक्यात सांगा." तिने चार सांगितले: ट्रॉमा (मनावरचा आघात), झोप, किशोरवयीन मुलं, भीती. जागा गेली. वर सल्ला मिळाला की आता दोन वर्षं रुग्ण बघणं बंद कर, एकच विषय धर.

हा सल्ला मला पटत नाही. फेलोशिप निव्वळ संशोधनाची असली तरी आठवड्यातले दोन दिवस रुग्णांसाठी राखून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. संशोधक आणि उपचारक एकाच माणसात घडवायचा, हे १९४९ साली अमेरिकेत बोल्डरला झालेल्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या परिषदेत ठरलं. पीएचडीपर्यंत आपण ते कसंबसं निभावतो आणि पोस्टडॉकला सोडून देतो.

चांगला प्रश्न येतो कुठून? पॅनिकचंच, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचंच बघा. माणसाला शेकडो झटके येऊन गेलेले असतात, हृदयविकार एकदाही झालेला नसतो, तरी प्रत्येक झटक्यात त्याला वाटतं, आता मेलो. भीती का जात नाही? कारण दर वेळी तो खाली बसतो, भिंतीला धरतो, आणि 'म्हणून वाचलो' अशी त्याची समजूत होते. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोवस्किस यांनी १९९१ साली हे नीट मांडलं, त्यातून उपचार बदलले. भिंतीला धरणारा हात प्रश्नावलीच्या बेरजेत दिसत नाही हो.

काटेकोर
उदाहरण सुंदर आहे, निष्कर्ष मान्य नाही. रुग्णासमोर बसून सुचलेलं खरं वाटतं, म्हणून ते खरं ठरत नाही. अपघातानंतर लगेच माणसाला बोलतं करायचं, म्हणजे डीब्रीफिंग, हेही अनुभवी लोकांना मनापासून पटलेलंच होतं. भाजलेल्या रुग्णांवर १९९७ साली चाचणी प्रसिद्ध झाली. १३ महिन्यांनी डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) होता, न मिळालेल्यांपैकी ९ टक्के.

आणि नुसत्या अनुभवाने हात सुधारतो म्हणावं, तर २०१६ साली १७० थेरपिस्टांचा काही वर्षांचा डेटा तपासला गेला. अनुभव वाढला तसे परिणाम सरासरीने किंचित घसरलेच होते. मग ते दोन दिवस कशासाठी? तेवढ्या वेळात मिश्र परिणामांची मॉडेल्स (एकाच माणसाच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या नोंदी तपासायची संख्याशास्त्रीय पद्धत) शिका, चाचणीची पूर्वनोंदणी, म्हणजे काय आणि कसं तपासणार हे आधीच जाहीर करणं, कशी करतात ते शिका. आपल्या शास्त्राला आज त्याची जास्त निकड आहे. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय निकाल हाती लागला. तुमच्या मैत्रिणीचे चार इंटरेस्ट हे क्लिनिकचंच देणं आहे. समोर जो रुग्ण येईल तो आपला विषय, असं होऊन बसतं.

अर्धविराम
काटेकोर, त्या चाचणीत डीब्रीफिंग मिळालेल्यांचं भाजणं मुळातच जास्त होतं, हेही लिहायला हवं होतं. तरी तुमचा मुद्दा खोडून निघत नाही, हे मान्य करते. पण त्या अनुभवी लोकांची चूक रुग्णांसोबत बसण्यात होती की १३ महिन्यांनी त्यांच्याकडे परत न बघण्यात?

तिसराप्रहर
तुम्ही दोघं दिवस मोजताय, म्हणून मी लिहितोय. माझ्या पोस्टडॉकमध्ये तासच मोजले गेले. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी डॉक्टरेटनंतर साधारण १,५०० ते २,००० तासांचं देखरेखीखालचं काम लागतं. हे सगळे तास डॉक्टरेटच्या आधीही झालेले चालावेत, अशी भूमिका अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००६ मध्ये घेतली. तरी अट अनेक ठिकाणी टिकून आहे. माझे तास भरले, सह्या झाल्या. पण माझ्या सुपरवायझरांनी वर्षभरात माझ्या एकाही सेशनचं रेकॉर्डिंग ऐकलं नाही. दर आठवड्याला मी सांगायचो, ते मान डोलवायचे. मी जे सांगत नव्हतो, तेच ऐकलं जायला हवं होतं. माझ्या रुग्णांत एक मुलगी होती, दर वेळी 'बरं आहे' म्हणणारी. तिने येणं बंद केलं तेव्हा मला कळलं की ती खचत चालली होती.

थेरपिस्टला हे दिसत नाही, यावर अभ्यास आहे. २००५ साली ५५० रुग्णांपैकी कोणाची अवस्था बिघडेल, असा अंदाज थेरपिस्टांना विचारला. त्यांनी तिघे सांगितले. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली.

काटेकोर
तिसराप्रहर, हे वाचून वाईट वाटलं. आणि माझं म्हणणं थोडं बदलतो. दर सेशनला मोजमाप होणार असेल आणि कोणी रेकॉर्डिंग खरंच ऐकणार असेल, तर एक दिवस रुग्णांना द्यावा. दोन नाहीत. पेपर लिहिणं, ग्रँटचा अर्ज, विश्लेषण ही उरल्यासुरल्या वेळात होणारी कामं नव्हेत. ती अर्धवट राहिली की पुढची नोकरी जाते, आणि मग रुग्णांकडून आलेला तो प्रश्न कोणीच तपासत नाही.

अर्धविराम
एका दिवसाच्या अटी मान्य, दिवसाबद्दल माझं मत कायम आहे. एकच दिवस असेल तर आठवड्याचे चार-पाच रुग्ण होतात. दर वेळी भिंतीला धरणारी माणसं वेगवेगळी असतात. त्यांच्यातलं सारखेपण दिसायला तेवढी पुरत नाहीत.

काल मैत्रिणीशी बोलले. तिचे चार विषय खरं तर एकाच मुलाकडून आले होते. अपघातानंतर तो भीतीने झोपत नव्हता, असं सगळे म्हणत. त्याची आई म्हणाली, आधी झोप गेली, भीती नंतर आली. आता तिने लिहून ठेवलंय: ट्रॉमानंतर किशोरवयीन मुलांची आधी झोप बिघडते की आधी भीती वाढते?

काटेकोर
हे एक वाक्य आहे. रोजची झोप आणि रोजची भीती, दोन्ही निदान महिनाभर नोंदवून घ्यावी लागतील, तीही अपघातानंतर शक्य तितक्या लवकर. तिला म्हणावं, पुढच्या मुलाखतीत सुरुवात त्या आईपासून कर.