शिक्षकाची नजर मैदानावर

'आयुष्यभर खडू धरलेल्या माणसाला धावण्यातलं काय कळणार?' असं शिक्षकाने इतरांना पळायला शिकवण्याबद्दल काही जण विचारतात. मला तर ही शंका पटतच नाही. ब्रदर कोल्म ओ'कॉनेल यांचंच बघा. आयर्लंडचे हे धर्मबंधू १९७६ साली भूगोल शिकवायला केनियातल्या इतेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत आले. स्वतः धावपटू नव्हते, प्रशिक्षणाचं शिक्षणही नाही. ब्रिटिश धावपटू ब्रेंडन फॉस्टरचा भाऊ पीटर तिथे मुलांना पळवायचा. तो परत गेल्यावर काम यांच्या अंगावर पडलं. मग ते मुलांकडे बघत बघतच शिकले. याच शाळेच्या पीटर रोनोने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. पुढे ब्रदर कोल्म यांनीच घडवलेल्या डेव्हिड रुडिशाने लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत मारले, तेही पहिल्यापासून पुढे राहून! शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावाने झाडं लावली आहेत.

मी स्वतः बावीस वर्षं गणित शिकवलं, आता साताऱ्यात पहाटे यवतेश्वरच्या घाटात दहाबारा जणांना पळवते. परवा एक नवीन मुलगी चढावर 'मी ठीक आहे' म्हणत होती, पण तिचे खांदे कानापर्यंत चढले होते आणि मुठी आवळलेल्या. तिला चालायला लावलं, गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेव म्हटलं. 'समजलं' म्हणणाऱ्या पोराला खरंच समजलंय का, हे वर्गात रोज ओळखावं लागायचं. घाटातही तेच करते.