रात्रीच्या शिवारातला सीन: आवाजातून ताण कसा चढवावा?

शिवार_फिल्म (अंबाजोगाई)
शॉर्टफिल्ममधला अडीच मिनिटांचा सीन आहे. ज्वारी हुरड्यावर आलीय, रात्रीची थ्री फेज लाईट आलीय आणि एक माणूस एकटाच दारं धरतोय (पिकाला पाणी देतोय). पिकात कुणीतरी दबा धरून आहे, पण ते शेवटपर्यंत दिसत नाही. संवाद नाहीत. सध्या खाली ४० हर्ट्झचा ड्रोन (सलग चालणारा खोल सूर), वर रातकिडे आणि शेवटी एक मोठा दणका ठेवलाय. हेडफोनवर बरं वाटतं, मोबाईलवर मात्र सीन सपाट पडायलाय. ड्रोन वाढवला की नुसती घरघर होते. काय बदलावं?

डेसिबल_दादा
मोबाईलच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फार काही बाहेर येतच नाही. ड्रोनची कॉपी करून तिला हलकं सॅच्युरेशन द्या, म्हणजे आवाज किंचित फाटेल असा इफेक्ट. २००, २४०, २८० असे वरचे हार्मोनिक (४० च्या पटीतले सूर) उठतात आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर आपोआप धरतो.

पण माझं मत विचाराल तर ड्रोन काढूनच टाका. सीनमध्ये मोटार आहे की! विहिरीच्या काठावरचा मोनोब्लॉक पंप हाच तुमचा ड्रोन. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मोटारीची गुणगुण १०० हर्ट्झला ठळक असते आणि वर पंख्याची, पाण्याची खरखर असते. ही खरखर मोबाईलवरही ऐकू येते. शिवाय प्रेक्षकाला ते पार्श्वसंगीत वाटत नाही, त्यामुळं तो सावध होत नाही. पहिली ८० सेकंदं मोटार चालू ठेवा, दर १० सेकंदांनी अर्धा डेसिबल चढवा. एवढी हळू वाढ कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग लाईट घालवा. स्टार्टर खट् करून सुटतो, मोटार दोन-तीन सेकंदांत फिरत फिरत थांबते, पाईपातलं पाणी मागं येतं, खाली फूटव्हॉल्व्ह (पाईपाच्या तळाची झडप) दबका आपटतो. इतका वेळ त्या आवाजाखाली काय काय झाकलं गेलं होतं, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात तिथं उभा राहतो. दणक्याची गरजच उरत नाही.

बूम_लातूर
वरच्याशी सहमत, फक्त त्या शांततेत ट्रॅक रिकामा सोडू नका. पूर्ण शून्य आलं की फाईल बिघडली असं वाटतं. त्याच शेतात, त्याच वेळी, कुणी न हलता दोन मिनिटं नुसतं वातावरण रेकॉर्ड करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, माईकला केसाळ विंडशील्ड.

रातकिड्यांचा पावसाळी ट्रॅक वापरला असेल तर बदला. हुरड्याच्या दिवसांत थंडी असते, किडे कमी आणि संथ बोलतात. गावाकडचा प्रेक्षक हे लगेच ओळखतो.

शिवार_फिल्म (अंबाजोगाई)
ट्रॅक पावसाळीच आहे, बदलतो. लाईट गेल्यावर किडेही बंद करावेत का?

बूम_लातूर
सगळे नको. दोन थर करा: लांबचे किडे आणि जवळचा एकच किडा. जवळून कुणी चाललं की तेवढाच किडा गप्प होतो, लांबचे चालूच राहतात. मोटार थांबल्यावर १०-१२ सेकंदांनी जवळचा किडा मध्येच तोडा, फेड देऊ नका (हळूहळू विरवू नका). किड्यांचा आवाज ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, त्यामुळं तो तुटल्याचं मोबाईलवरही स्वच्छ कळतं.

फोली_ताई
पिकात दबा धरलेल्याच्या सळसळीबद्दल. वाऱ्याची सळसळ सगळ्या शेतातून येते, फुगते आणि ओसरते. अंग घासल्याची सळसळ आखूड असते, एकाच जागी होते आणि मध्येच थांबते. हा फरक ऐकू आला नाही तर सीन फसला. नुसता वाळका कडबा चुरगाळला तर प्लॅस्टिकची पिशवी वाटते. उभ्या पिकात खालची पानं वाळलेली, वरची हिरवी असतात, म्हणून दोन्ही एकत्र घ्या. माईक हातभर अंतरावर ठेवा. लांबून घेऊन नंतर गेन (आवाजाची पातळी) वाढवला की सगळी हिस्स वर येते.

रिव्हर्ब (घुमारा) अजिबात नको, उघड्या रानात भिंती नसतात. अंतर दाखवायचं असेल तर पहिली सळसळ ४ किलोहर्ट्झच्या वर कापून दबकी ठेवा. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, त्या हिशेबानं दुसरी आणि तिसरी चढवा. तिन्हींमधला वेळ सारखा ठेवू नका. पहिलीच्या आधी ९ सेकंद, दुसरीच्या आधी ४, आणि तिसरीच्या आधी चांगली १५ सेकंदं काहीच नको.