उत्पन्न समान धरलं की झोपेतली दरी खरंच कमी होते का?

रातराणी:
अमेरिकेत सीडीसीने (तिथली केंद्रीय आरोग्यसंस्था) २०१४ साली घेतलेल्या टेलिफोन सर्वेक्षणाचे आकडे पुन्हा चाळत होते. २४ तासांत सात तासांपेक्षा कमी झोपणारे प्रौढ, वयानुसार जुळवून, गोऱ्यांमध्ये ३३.२ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ४५.८ टक्के. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "उत्पन्न आणि शिक्षण संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये घाला, म्हणजे ते समान धरून तुलना करा, फरक आटतो." माझा याला विरोध आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या, तिथे घरकर्ज मिळेना, पिढ्यांची मालमत्ता उभीच राहिली नाही. आजचं उत्पन्न हा त्याच वाटेवरचा मधला टप्पा. तो समान धरायचा आणि दरी लहान आहे म्हणायचं, म्हणजे कारणच हिशेबातून वजा करायचं.

उंबरठा:
अजिबात पटलं नाही. फरक आटतो असं मीही म्हणेन. नुसता कच्चा फरक छापला की वाचणारा तो रक्तात शोधायला लागतो, शतकभर हेच झालंय. उत्पन्न, रात्रपाळी, घरातली माणसं हे सगळं घालून पाहिलं तरच कळतं की हात कुठे घालायचा. रात्रपाळीमुळे फरक पडत असेल तर पाळीचे नियम बदलता येतील. "इतिहासामुळे" म्हणून सोडून दिलं तर करायचं काय?

रातराणी:
हात कुठे घालायचा हा प्रश्न वेगळा, दरी किती हा वेगळा. पहिल्यासाठी दरीचे तुकडे पाडा, ओआहाका-ब्लाइंडर (दोन गटांतला फरक कारणांनुसार वाटून दाखवणारी पद्धत) वापरा, माझी ना नाही. पण तुकडे पाडताना बेरीज तरी शाबूत ठेवा. बातमीत मात्र समायोजित, म्हणजे उत्पन्न वगैरे समान धरून काढलेला आकडाच "खरा फरक" म्हणून येतो. माझं भांडण तिथे आहे.

पाटीपेन्सिल:
तुम्ही दोघं कुठलं गुणोत्तर धरताय ते आधी ठरवा. वरचेच आकडे घ्या. प्रमाणांचं गुणोत्तर ४५.८ भागिले ३३.२, म्हणजे १.३८. लॉजिस्टिक मॉडेलच्या (हो-नाही उत्तरांसाठीचं नेहमीचं मॉडेल) सवयीने ऑड्स रेशो काढलात, म्हणजे प्रत्येक गटात कमी झोपणाऱ्यांना पुरेसं झोपणाऱ्यांनी भागून मग त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर घेतलंत, तर तो येतो १.७०. अपुरी झोप ही दुर्मीळ गोष्ट नाही, दर दोन-तीन माणसांमागे एक त्यात सापडतो, म्हणून हे दोन आकडे इतके लांब जातात. १.७० वाचून कुणी "७० टक्के जास्त लोक" लिहिलं तर ते सरळ चूक आहे. मी तरी ४५.८ वजा ३३.२, म्हणजे १२.६ टक्केबिंदू असंच लिहीन.

उंबरठा:
हे मान्य. पण मग तुमचा मूळ आकडाच फोनवरच्या एका प्रश्नावर उभा आहे. उत्तर पूर्ण तासांत घेतात, अर्धा तास असला तर वरचा धरतात. साडेसहा तास झोपणारा "पुरेशी झोप" या रकान्यात जातो.

निशाचर:
न्यू जर्सीत इस्पितळाच्या लॅबमध्ये माझी रात्रपाळी असते, म्हणून लिहितोय. सोबतची कृष्णवर्णीय सहकारी सकाळी सातला सुटते, दोन बस बदलते, पोराला शाळेत सोडते, दहाला पडदे ओढते. दीडला पुन्हा उठलेली असते. मी विचारलं तर म्हणाली, "सहा तास होतात की." मनगटावर यंत्र बांधून केलेल्या अभ्यासात हेच दिसतं. शिकागोत २००३ ते २००५ दरम्यान ६६९ जणांची झोप अशी मोजली. गोऱ्या बायका ६.७ तास, कृष्णवर्णीय पुरुष ५.१. पाच तास झोपणारे सरासरी १.२ तास जास्त सांगत होते, सात तास झोपणारे फक्त ०.४. जो कमी झोपतो तोच जास्त फुगवून सांगतो, म्हणजे फोनवरच्या सर्वेक्षणात दरी उलट लहान दिसत असणार.

उंबरठा:
हा मुद्दा लागला. पण त्या अभ्यासात उत्पन्न, नोकरी वगैरे समायोजित केल्यावर काय झालं?

निशाचर:
फरक टिकला.

रातराणी:
मग उंबरठा, "आटतो" हा शब्द तरी मागे घ्या.

उंबरठा:
शिकागोपुरता घेतो. समायोजन करू नका हे मात्र अजून पटलेलं नाही. फरक टिकला हेसुद्धा समायोजन केलं म्हणूनच कळलं ना?