मागची अक्षरं, बदललेली नावं आणि डिकीचं कुलूप : मांजलपूर (वडोदरा), सोसायटीचा मराठी मंडळी ग्रुप

बी-२०४: नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. धाकट्या भावासाठी सेकंड हँड स्विफ्ट डिझायर बघतोय, २०१३ ची. वाघोडिया रोडला एका दलालाने दाखवली, मागे झेडएक्सआय म्हणजे वरचं महागडं मॉडेल लिहिलंय आणि भावही त्याच हिशोबाने सांगतोय. संध्याकाळपर्यंत टोकन द्या नाहीतर दुसरा घेऊन जाईल म्हणतो. देऊ का?

ए-१०३: टोकन आत्ता अजिबात देऊ नको. आरसी बघितलीस का?

बी-२०४: नाही काका, फोटो पाठवतो म्हणालाय

ए-१०३: त्याच्या फोटोची वाट बघू नको. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाक, मॉडेलच्या पुढे बहुतेक वेळा व्हेरियंट पण लिहून येतं. मागची अक्षरं बाजारात सुटी मिळतात रे, पाठीमागे डबल टेप असते, पाच मिनिटांत कुठल्याही गाडीची कुठलीही गाडी होते.

बी-२०४: टाकला नंबर. व्हीएक्सआय आलं, खालचं मॉडेल 😳

ए-१०३: झालं तर मग. आता परत जाशील तेव्हा उन्हात उभी करायला सांग आणि डिकीच्या पत्र्याकडे तिरकं बघ. जुनं अक्षर जिथे बरीच वर्षं होतं तिथला रंग आजूबाजूपेक्षा ताजा राहतो, नवीन अक्षरांच्या कडेने जुन्याचा आकार दिसतो, बोट फिरवलं की गोंदाची किनार पण लागते. आत बसून एसी बघ, त्या झेडएक्सआयला ऑटोमॅटिक होता, आकडे दिसतात. अलॉय व्हील बघून काही ठरवू नको, ती कोणीही बाहेरून बसवतं. गाडी चांगली असेल तर घे, पण व्हीएक्सआयच्या भावाने घे.

सी-४०१: काका पण कंपन्या स्वतःच हेच करतात ना, बलेनो घ्या नाहीतर ग्लान्झा घ्या, एकच गाडी, नुसता पुढचा लोगो वेगळा

ए-१०३: ते वेगळं. कंपनी उघडपणे करते, कागदावर लिहून करते. सुझुकी बनवते, २०१९ पासून टोयोटा आपल्या चिन्हाखाली विकते, सगळ्यांना ठाऊक आहे. नाव बदललं म्हणजे फसवलं असं नसतं. टाटाची टियागो आधी झिका नावाने यायची होती, जाहिराती पण दिसायला लागल्या होत्या आणि तेवढ्यात २०१६ च्या सुरुवातीला झिका व्हायरसच्या बातम्या जगभर पसरल्या, मग नाव बदलून एप्रिलमध्ये टियागो म्हणून आणली, गाडी तीच. महिंद्राची बीई ६ई पण तशीच, इंडिगोवाले कोर्टात गेले कारण ६ई हा त्यांच्या विमानांचा कोड, मग २०२४ च्या डिसेंबरात नुसती बीई ६ झाली. यात गिऱ्हाईकाचं काही गेलं नाही. डोळे उघडे ठेवायचे ते नाव तेच आणि गाडी दुसरी असते तिथे. आपल्याकडे १९९९ ला बलेनो आली ती सेडान होती, मग बंद झाली, मग २०१५ ला बलेनो आली ती हॅचबॅक, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नुसतं बलेनोचा पार्ट द्या म्हणून दुकानात उभं राहून चालत नाही, साल सांगावं लागतं.

बी-५०२: काका पार्टचं निघालंच आहे तर सांगा ना, पप्पांकडे अजून लोगन आहे, जीव आहे त्यांचा तिच्यावर. गॅरेजवाला म्हणतो ह्या गाडीचे पार्ट येत नाहीत आता, विकून टाका.

ए-१०३: वहिनी, लोगन म्हणून मागितलंत तर नाहीच म्हणणार. वेरिटोचं मागायला सांगा. २००७ ला महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून लोगन आणली, २०१० ला भागीदारी संपली, मग २०११ पासून महिंद्राने तीच गाडी वेरिटो नावाने चालवली, आणि वेरिटो टॅक्सीत खूप गेली म्हणून तिचे पार्ट फिरतात बाजारात. ब्रेक, सस्पेन्शन, इंजिनाचं बरंचसं एकच आहे. पार्ट नंबर मात्र जुळवून घ्या, आणि बंपर, मागचे लाइट असलं डोळे झाकून आणू नका, ते पुढे बदलत गेले. पप्पांना सांगा गाडी विकायची गरज नाही.

बी-५०२: खूप बरं वाटलं ऐकून 🙏 आत्ताच फोन करते त्यांना

सी-४०१: मग डीडीआयएस, क्वाड्राजेट वगैरे डिकीवर लिहितात ते पण असंच का

ए-१०३: अगदी तसंच. ती एकाच इंजिनाची नावं, फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी. मारुतीच्या डिकीवर डीडीआयएस, टाटाच्या क्वाड्राजेट, शेवरोले सेलवर स्मार्टेक, फियाटच्या स्वतःच्या गाडीवर मल्टिजेट. ट्यूनिंग ज्याचं त्याचं, मूळ इंजिन एक. २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हा मारुतीने ते बंद केलं. ज्या मेकॅनिकचा हात त्या इंजिनावर बसलाय तो चारही गाड्या उघडतो, म्हणून मेकॅनिक शोधताना गाडीचं नाव सांगण्याआधी इंजिन सांगावं.

सी-३०१: शेवरोले म्हणालात म्हणून लिहितोय. माझी उमेदीची वर्षं शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या हालोलच्या प्लांटमध्ये गेली. आम्ही ऑप्ट्रा बनवायचो, ती मुळात कोरियाची देवू, जनरल मोटर्सने देवू घेतली आणि मग जगात कुठे देवू, कुठे शेवरोले, कुठे ब्यूक असं चिन्ह लागून गेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये हालोलची लाइन बंद झाली तेव्हा वडोदऱ्यातली कितीतरी घरं हलली होती, रोज बस भरून माणसं जायची इथून. मग तोच प्लांट एमजीने घेतला, २०१९ ला हेक्टर आली. आता हीच हेक्टर चीनमध्ये बाओजुन ५३० म्हणून विकली गेली, इंडोनेशियात वुलिंग अल्माझ, आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत शेवरोले कॅप्टिवा! म्हणजे ज्या शेडमधून शेवरोले गेली त्याच शेडमधून तिची सख्खी बहीण बाहेर पडतेय, नुसती पुढची पाटी एमजीची. मला तर हेक्टर रस्त्यात दिसली की आपलीच वाटते.

बी-४०१: सी-३०१ दादा किती छान सांगितलंत. पण मला नावाचं काही नाही, मला डिकीचं विचारायचंय. आमच्या गाडीच्या डिकीला किल्लीचं भोकच नाहीये, नंबर प्लेटच्या वर क्रोमची पट्टी आहे तिच्याखाली हात घालून रबरचं बटण दाबायचं. दिवाळीत बॅटरी उतरली आणि आम्ही पुण्याला निघालेलो, बस सुटायची वेळ झालेली, दोन्ही बॅगा आणि सासूबाईंची औषधं सगळं डिकीत, आणि बटण दाबतोय दाबतोय काही होत नाही, किल्ली हातात आहे पण घालायची कुठे?? शेवटी शेजारच्या गाडीवरून केबल लावून करंट दिला तेव्हा उघडली. एवढ्या महागाची गाडी आणि एक भोक देत नाहीत, का असं?

ए-१०३: ताई, तुझा राग बरोबर आहे आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पूर्वी किल्ली फिरवली की कुलपाचा दांडा लॅच, म्हणजे डिकी पकडून ठेवणारी कडी, ओढायचा, नाहीतर ड्रायव्हरच्या सीटशेजारी लिव्हर, तिची तार मागपर्यंत, ओढली की खट्. करंटचा संबंध नाही. आता बटण दाबलं की सिग्नल कंट्रोल युनिटला जातो, गाडी अनलॉक आहे का ते बघून ते लॅचच्या मोटरला करंट देतं, मग उघडतं. रिमोट आल्यावर कंपनीला वाटलं किल्ली घालतंय कोण, एक कुलूप वाचलं, पत्रा सलग दिसतो, चोराला स्क्रू ड्रायव्हर खुपसायला जागा नाही. एवढं सगळं खरं आहे. पण बॅटरी उतरली की संपलं, आणि बॅटरी नसली उतरली तरी दोन दुखणी ठरलेली, पावसाळ्यात त्या रबराच्या बटणात पाणी जातं, आणि डिकी उघड-बंद होताना बिजागरीजवळची वायर रोज वाकून वाकून आतल्या आत तुटते, वरून नळी चांगली दिसते म्हणून गॅरेजवाल्याच्या लवकर लक्षात येत नाही.
मागची सीट आडवी होत असेल तर आत सरकून लॅचवर बघायचं, बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकची छोटी टोपी असते, ती काढून आतला खटका स्क्रू ड्रायव्हरने सरकवला की उघडते. सीट आडवी होत नसेल तर मात्र आधी बॅटरी. काही महागड्या गाड्यांत बॅटरीच डिकीत असते, त्यांना पुढे बॉनेटखाली करंट द्यायचे टर्मिनल दिलेले असतात. गाडीचं मॅन्युअल आज रात्री उघड आणि तुझ्या गाडीत काय आहे ते बघून ठेव.

सी-४०१: माझ्या पोलोची डिकी लोगो दाबून उघडते, मला जाम आवडतं ते

ए-१०३: मला पण! चिन्हाचा वरचा भाग दाबला की खालचा बाहेर येतो, तिथेच बोटं घालून उचलायचं. परदेशातल्या गोल्फ, पसाटमध्ये रिव्हर्स कॅमेरा त्याच चिन्हाच्या मागे, रिव्हर्स टाकला की चिन्ह उचलून बाहेर येतो, एरवी झाकलेला, त्यामुळे चिखल उडून काच माखत नाही. आणि जुन्या कॅडिलॅक, ब्यूक बघ, मागचं चिन्ह बोटाने बाजूला सरकवलं की खाली किल्लीचं भोक. त्यांनी भोक लपवलं, काढून नाही टाकलं. शोभेचं आणि गरजेचं एकाच जागी बसवायचं असेल तर असं बसवा, माझं म्हणणं एवढंच आहे.

बी-२०४: काका दलाल खाली आला, व्हीएक्सआयच्या भावात तयार आहे. डिकी कशी आहे या डिझायरची?

ए-१०३: चल चांगलं झालं. डिकी छोटी आहे हे धरून चाल. २००८ च्या डिझायरला ४४० लिटर होती, २०१२ ला गाडी चार मीटरच्या आत बसवायला मागून कापली, ३९९५ मिलिमीटर केली कारण चार मीटरच्या आत कर कमी, तिथे डिकी ३१६ वर आली. २०१७ ला स्विफ्ट शब्द काढून नुसती डिझायर केली तेव्हा ३७८ झाली. भावाला घरचं सामान न्यायला पुरेल. पण घेण्याआधी डिकी प्रत्येक पद्धतीने उघडून बघ, आतून आणि बाहेरून.

डी-१०१: मला एक वेगळीच भीती वाटते. सुट्ट्या लागल्यात, पोरं दिवसभर पार्किंगमध्ये लपाछपी खेळतात. कोणाची डिकी उघडी राहिली आणि एखादं आत जाऊन बसलं तर? आतून उघडते का हो ती?

ए-१०३: वहिनी, हे तुम्ही विचारलंत ते सगळ्यात मोठं. इथल्या बऱ्याच सेडानची आतून उघडत नाही. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या आत तीन ठिकाणी मिळून अकरा मुलं डिकीत अडकून दगावली, खेळता खेळता आत शिरलेली. त्यानंतर तिथे नियमच झाला, सप्टेंबर २००१ पासून डिकीवाल्या प्रत्येक नवीन गाडीत आतून उघडायची सोय पाहिजे, आणि ती अंधारात चमकली पाहिजे, म्हणजे लहान मुलाला पण दिसेल आणि ओढता येईल. इंग्रजी टी आकाराची छोटी मूठ असते, वर डिकीतून पळणाऱ्या माणसाचं चित्र. एवढीशी वस्तू आहे. तिथल्या गाडीत बसवतात मग इथे का नाही, हा प्रश्न मी शोरूममध्ये दर वेळी विचारतो आणि तुम्ही पण विचारा, गिऱ्हाईकाने विचारलं की ते वर पोचतं.
आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ डिग्री, बंद डिकीत मूल किती वेळ काढेल याचा विचार पण करवत नाही.

बी-४०१: अंगावर काटा आला. काय करायचं सांगा काका, आजच करू

ए-१०३: गाडी पार्क केली की लॉक करायचीच, पाच मिनिटांसाठी वर जात असाल तरी, कारण दार उघडं असलं की पोराचा हात सीटजवळच्या लिव्हरपर्यंत जातो. काही जपानी सेडानमध्ये त्या लिव्हरलाच किल्लीचं छोटं कुलूप असतं, मूळ व्हॅलेटसाठी, म्हणजे हॉटेलात गाडी लावून देणाऱ्या माणसाला डिकी उघडता येऊ नये म्हणून दिलेलं, ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते बंद ठेवा. ज्यांची मागची सीट आडवी होते त्यांनी मुलांना एकदा जवळ उभं करून दाखवा की ती कुठून पडते. आणि कोणी सापडत नसेल तर पाण्याच्या टाकीनंतर लगेच डिक्या उघडून बघायच्या, आधी शोधाशोध जिन्यात नाही.
रविवारी सकाळी आठला मी खाली थांबतो. आपल्या सोसायटीतल्या सगळ्या सेडान बघू, कुठली आतून उघडते, कुठल्या लॅचला खटका आहे, बॅटरी गेली तर कुठून उघडायची. गाडी नंबरनुसार लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावू.

सी-३०१: मी येतो, टॉर्च आणि ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, काढायचे प्लास्टिकचे पाने आणतो, क्लिप न तोडता काढायची सवय आहे हाताला.

डी-१०१: मी हे गुजरातीत लिहून सोसायटीच्या मेन ग्रुपवर टाकते, गाड्या त्यांच्याच जास्त आहेत. वॉचमनकाकांना आत्ता तोंडी सांगून येते.

बी-२०४: आठ वाजता मी पण आहे. भावालाही आणतो